फर्स्ट मॅन: पिक्चर बघू की पुस्तक वाचू?

नील आर्मस्ट्राँगवरचा 'फर्स्ट मॅन' बघायचा की त्याच नावाचं जेम्स हॅन्सन यांचं जाडजूड चरित्र वाचायचं, असा प्रश्न पडला असेल तर आधीच सांगते, माणूस एकच असला तरी दोन्हीत तो वेगवेगळा भेटतो. पिक्चर २०१८ चा, डेमियन शेझलचा, रायन गॉसलिंग नील झालाय. पुस्तक २००५ चं, हॅन्सन इतिहासाचे प्राध्यापक, आणि मुलाखत म्हटलं की लांब पळणाऱ्या या माणसाला त्यांनी पन्नास तासांहून जास्त बोलतं केलंय. पिक्चर याच पुस्तकावर बेतलाय, म्हणून मला वाटलं होतं की एक केलं की दुसरं झालंच, पण तसं अजिबात नाहीये.

पहिला फरक अगदी सुरुवातीलाच आहे. पिक्चर सुरू होतो एक्स-१५ विमानाच्या त्या थरारक उड्डाणाने, विमान खाली यायच्या ऐवजी वातावरणावर टप्पा खाऊन परत वरच जायला लागतं, आणि मग नील घरी येतो तर त्याची छोटी लेक कॅरन आजारी, मेंदूत ट्यूमर, आणि थोड्याच वेळात ती जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. कॅरन गेली २८ जानेवारी १९६२ ला, त्या दिवशी नील आणि जॅनेटच्या लग्नाचा वाढदिवस होता, पोर तीन वर्षांचीही झाली नव्हती. आणि ते उड्डाण झालं २० एप्रिल १९६२ ला, म्हणजे मुलगी जाऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा हा माणूस २ लाख ७ हजार फुटांवर जाऊन आला आणि परत येताना उतरायची जागा सोडून कितीतरी मैल पुढे निघून गेला. पुस्तकात ही तारीख वाचली की पोटात गलबलतं, कारण मग आपोआप प्रश्न पडतो की त्या दिवशी त्याचं लक्ष कुठे होतं, पण हॅन्सन त्याचं उत्तर स्वतःच्या मनाने ठोकून देत नाहीत, जे माहीत आहे ते समोर ठेवतात आणि थांबतात.

पिक्चर थांबत नाही. त्याला कॅरनची किल्ली सापडलीय आणि सगळी कुलपं तो तिनेच उघडतो. चंद्रावर शेवटी नील एकटाच लिटल वेस्ट विवराच्या काठाशी जातो आणि लेकीचं इवलंसं ब्रेसलेट आत टाकतो, तो सीन बघताना मी रडले आणि दुसऱ्यांदा बघतानाही रडले. पण खरं काय तर तो त्या विवरापाशी गेला होता एवढं पक्कं आहे, यानापासून साधारण ६० मीटरवर, ठरलेल्या कामांत नसताना, आणि तिथे त्याने फोटो काढले. ब्रेसलेटचा कुठेही पुरावा नाही. पुस्तकात हॅन्सन एवढंच विचारतात की त्याने कॅरनची काही आठवण सोबत नेली असेल का, आणि नीलची बहीण जून म्हणते की तशी मनापासून आशा आहे. मला विचाराल तर ते न मिळालेलं उत्तरच जास्त खरं वाटतं, कारण हा माणूस मुलीबद्दल ऑफिसात इतका गप्प होता की सोबतच्या कितीतरी लोकांना त्याला मुलगी होती हेच माहीत नव्हतं.

आता पिक्चरची बाजू, कारण काही गोष्टी पुस्तकाला जमणं शक्यच नाही. चंद्राच्या आधीच्या नीलच्या अवकाशफेरीचा, जेमिनी ८ चा भाग बघा, मार्च १९६६. आत बसताना सीटबेल्टच्या बकलात काहीतरी अडकलंय म्हणून स्विस नाइफ मागतात, पत्रा करकरतो, आणि आपल्याला एवढीशी खिडकी दिसते, बास. मग वर गेल्यावर थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारं छोटं इंजिन, अडकतो आणि यान सेकंदाला एक गिरकी घ्यायला लागतं. पुस्तकात हे नीट समजतं, कोणता थ्रस्टर, कोणती सिस्टीम बंद केली, परतीसाठी राखून ठेवलेले जेट वापरून यान कसं आवरलं, पण ती भीती अंगावर येते ती पिक्चरमधेच. आणि क्लेअर फॉयची जॅनेट. यानातलं बोलणं घरी ऐकू येणारा स्पीकर नासाने बंद केल्यावर ती तडक नासाच्या केंद्रात जाते, हे खरंच घडलंय, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो संताप मी अजून विसरले नाहीये. अमेरिकेचा झेंडा रोवताना दाखवला नाही म्हणून जो गदारोळ झाला त्यात मला फारसा दम वाटत नाही, चंद्रावरचा झेंडा पिक्चरमधे दिसतो.

पण पिक्चरमधला नील सतत मिटलेला, आणि तिथे माझं मन पुस्तकाकडे झुकतं. पुस्तकातला नील कॉलेजात संगीतनाटक लिहितो, त्याचं नाव 'लँड ऑफ एगेलॉक', म्हणजे कॉलेज शब्दाची इंग्रजी स्पेलिंग उलटी. सोळाव्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्सच्या आधी विमानाचं लायसन्स काढतो, कोरियाच्या युद्धात ७८ मोहिमा करतो, एकदा पंखाचा तुकडा तुटल्यावर पॅराशूटने उडी मारतो. १९६४ मधे ह्यूस्टनच्या घराला आग लागते आणि शेजारचा अंतराळवीर एड व्हाइट कुंपणावरून उडी मारून मदतीला येतो, हे पिक्चरमधे नाही, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते कारण तीनच वर्षांनी तोच एड अपोलो १ यानाला लागलेल्या आगीत गेला.

शिवाय पिक्चर संपतो चंद्रावरून परतल्यावरच्या क्वारंटाइनच्या काचेपाशी. पुढची वर्षं फक्त पुस्तकात आहेत, सिनसिनाटीत शिकवणं, चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशी आयोगाचं उपाध्यक्षपद, १९९४ चा घटस्फोट.

तर ठरवायचं असेल तर असं करा, फक्त एक संध्याकाळ मोकळी असेल तर पिक्चर, मोठ्या स्क्रीनवर किंवा चांगले हेडफोन लावून, मोबाईलवर नको, नाहीतर तो पत्र्याचा आवाज वाया जातो. यंत्रं, चाचण्या, निर्णय कसे झाले याची आवड असेल तर सरळ पुस्तक, आणि ते जाड आहे म्हणून घाबरू नका, कोरियाचा भाग आणि चंद्रावर उतरतानाचा भाग आधी वाचला तरी चालेल. दोन्ही करणार असाल तर पिक्चर आधी, कारण पुस्तक आधी वाचलं तर विवराच्या त्या सीनला 'हे कुठे लिहिलंय' असं मनात येत राहील, आणि तो सीन तसा बघण्यासारखा नाहीये.