आयकिडो क्लास, वर्षभराचा अनुभव : चार स्टार, एक कापला

वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या आमच्या गावात आयकिडोचा, म्हणजे जपानी युद्धकलेचा क्लास चालते हे आता बऱ्याच लोकांना माहीत झालंय, रोज कोणी ना कोणी दुकानात येऊन विचारतं की कसा आहे, पोरीला टाकू का, काही फायदा होते का. माझं शिलाईचं दुकान आहे, प्रत्येक गिऱ्हाईकासाठी मशीन थांबवून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते. वर्षभर मी स्वतः शिकून राहिली आणि क्लास चालवणाऱ्या संघटनेचं काम पण करून राहिली, त्यामुळे हा रिव्ह्यू तटस्थ वगैरे काही नाही, पण खोटा पण नाही.

पहिले म्हणजे मेडल पाहिजे असेल तर इथं येऊच नका. इथं आयकिकाई या जपानी संस्थेचं आयकिडो शिकवतात, त्यात स्पर्धाच नसते. टोमिकी शैलीत असते म्हणे पण ती इथं शिकवत नाहीत. दर महिन्याला एक तरी बाबा येऊन विचारतात की दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का, आमचे शिकवणारे दादा सरळ नाही म्हणून सांगतात आणि ते बाबा पोराला घेऊन कबड्डीकडे जातात. बरोबरच आहे त्यांचं. दुसऱ्या एका आजोबांनी तर पहिल्याच आठवड्यात खडसावलं होतं, आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या पोरांनी तिथं जाऊन देशी खेळ दाखवले, आणि तुम्ही जपानचं कायले आणून राहिले? आजोबांचा नातू आता आमच्याकडेच येते, आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या बैठकीच्या चुका काढतात.

मग इथं मिळतं काय, तर माझ्या मते या क्लासची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पडायला शिकवतात. उकेमी म्हणतात त्याला. पहिला महिना तुम्ही कोणाला फेकत बिकत नाही, नुसतं पडायचं. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, एक पाय आत दुमडून बूड टाचेजवळ टेकवायचं, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि हात अंगापासून जरा लांब मॅटवर आपटायचा. वाचायला सोपं वाटते, पण भीती वाटली की माणसाची मान ताठ होते आणि डोकं मागे आदळते. त्यासाठी दादा हनुवटीखाली रुमाल धरायला लावतात, लोळताना रुमाल खाली पडला की परत पहिल्यापासून. साठीच्या एक काकू आहेत आमच्यात, त्यांना उभ्यानं पडूच देत नव्हते, आधी बसून, मग उकिडवं, मग अर्धं वाकून, दिवाळीनंतर कुठे त्या उभ्यानं पडायला लागल्या आणि त्या दिवशी सगळ्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या संत्र्याच्या तोड्यात आमच्यातले एक भाऊ शिडीवरून घसरले, दुसरा कोणी असता तर हात टेकून मनगट मोडून बसला असता, हे खांद्यावरून लोळून उभे राहिले आणि कॅरेट सांडलं म्हणून मजुराले बोलले. फी इथंच वसूल झाली असं ते स्वतः सांगतात.

पुढचं शिकवणं पण पद्धतशीर आहे. तंत्र चार वेळा आपण करायचं, उजवं डावं, समोरून मागून, मग समोरच्याची पाळी, मग जोडीदार बदलायचा. इक्क्यो, शिहोनागे, इरिमिनागे, कोतेगाएशी ही तंत्रांची नावं आता पोट्टे पाढ्यासारखी म्हणतात. लहान पोरांच्या मनगटावर जोराचे लॉक लावू देत नाहीत, आणि शिहोनागे तर अगदी हळू, कारण त्यात हात मागे दुमडून खाली नेतात आणि समोरच्यानं घाई केली तर डोक्याचा मागचा भाग आदळू शकतो. एकदा एका मोठ्या पोरानं छोट्यावर दणकन लावला तर दादांनी त्याला तो पूर्ण तास नुसतं पडायला लावलं, फेकायला एकदा पण नाही. हे मला आवडलं.

समोरच्या भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यांचा फोटो असतो, ते मोरिहेई उएशिबा, यांनीच आयकिडो सुरू केलं, जन्म १८८३ आणि गेले १९६९ ला. क्लास सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर वज्रासनात बसून त्या दिशेला वाकतात. आता आपल्याकडं फोटो दिसला, त्यात दाढी दिसली की काय होते तुम्हाला माहीतच आहे, एका आजीबाईनं पहिल्याच गुरुवारी येऊन हळद-कुंकू लावलं आणि नातवाले म्हणे पाया पड बाबाच्या. मोठे सर नागपूरवरून येतात महिन्यातून दोनदा, त्यांनी पाहिलं, हसले, काच पुसून घेतली आणि आजीले समोर सतरंजीवर बसवलं. काही पालकांना मात्र हे वाकणं वाकणं खटकतं, कोणी म्हणे हा काय धर्म आहे काय. नाही बाप्पा, तालमीत मातीला हात लावून कपाळाला लावतात ना, तितकंच आहे ते.

जागेचं सांगते, कारण हा सगळ्यात मोठा घोळ आहे. क्लासला स्वतःची जागा नाही. पावसाळाभर एका जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमधे चालते, मालक भला माणूस आहे, भाडं घेत नाही. पण दसरा झाला, कापूस यायला लागला की गोडाऊन खाली करून द्यावं लागते, मग शाळेचा हॉल. शाळेत परीक्षा आली की मंगल कार्यालय, आणि लग्नसराई लागली की तिथूनही बाहेर. मे महिन्यात तर पारा ४५ च्या वर, टिनाखाली संध्याकाळी उभं राहवत नाही, म्हणून सकाळी साडेपाचला अंगणात. दरवेळी मॅट उचला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरा, नव्या जागी टाका, खालून फिनाईलनं पुसा, आणि रात्री वरून सोयाबीनवाली ताडपत्री झाका नाहीतर उंदीर कोपरे कुरतडतात. मॅट पण दोन जाडीच्या आल्यात, काही ४० एमएम काही २० एमएम, जोडल्यावर मधे पायरी बनते आणि तिथंच नेमका अंगठा अडकतो. हे मी तीनदा मीटिंगमधे बोलली. पातळ मॅट एका बाजूला लावा, त्यावर नुसत्या स्टेप आणि बोक्केन-जोचा म्हणजे लाकडी तलवार-काठीचा सराव घ्या. आता तसंच करून राहिले.

ड्रेसबद्दल मी बोलणारच, धंदाच आहे माझा. डोगी म्हणतात त्याला, ज्युडो किंवा कराटेचा चालतो. सुरुवातीला सगळ्यांनी एका ऑनलाईन दुकानातून मागवले, साईज चुकीची, परत घेईनात, आणि कापड इतकं पातळ की बगलेत महिनाभरात उसवलं. ज्युडोवाला जाड असते, टिकते, पण आपल्या उन्हात त्यात माणूस शिजते. मग मीच म्हटलं आणा इकडे. जाड सुती ड्रिल घेतलं, कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवलं कारण नवं सुती कापड आटते आणि मग पोराच्या पोटऱ्या उघड्या पडतात. बगलेत मोठी कळी टाकली म्हणजे हात वर नेला तरी ताण बसत नाही, गळ्याच्या पट्टीत आत दुहेरी घडी घालून लांबीभर शिलाया मारल्या कारण दिवसभर लोक तीच पट्टी धरून ओढतात, आणि पायजम्याला गुडघ्यावर डबल कापड, कारण गुडघ्यावर चालायचा प्रकार असते तो शिक्को, त्यात पहिले गुडघेच फाटतात. नाडीचा नेफा रुंद ठेवा, इलास्टिक टाकू नका, लोळताना घसरते. संघटनेच्या पोरांना मी फक्त कापडाच्या पैशात शिवून देते, शिलाई घेत नाही. बाहेरच्यांनी येऊन घासाघीस करू नये.

आता तो कापलेला एक स्टार. मागच्या पावसाळ्यात दहा-बारा जण होतो, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या ग्राउंडवर प्रात्यक्षिक दाखवलं आणि त्यानंतर जी झुंबड उडाली, ती सांभाळायची तयारीच नव्हती कोणाची. मॅट तेवढीच, शिकवणारे तेवढेच, माणसं तिप्पट. दोन नवखे समोरासमोर उभे, एकाला फेकता येत नाही, दुसऱ्याला पडता येत नाही, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिले. आणि ज्यांना थोडंफार येते ते सगळे पोरांच्या बॅचमधे मदतीला, म्हणजे स्वतःचा सराव बंद. तीन महिने आमचं काहीच पुढं सरकलं नाही. तरी कमिटीतले काही जण म्हणे शेजारच्या गावात पण शाखा काढू! अहो इथली सतरंजी पुरेना. माझं मत स्पष्ट आहे, आधी इथले चार-पाच लोक नीट तयार होऊ द्या मग शाखा काढा. शेवटी दोन गोष्टी झाल्या, नवीन लोकांची वेगळी बॅच आणि रविवारी सकाळी फक्त जुन्यांचा तास, त्यात लहान पोट्टे नाही म्हणजे नाही. तेव्हापासून बरं आहे.

दुसरं, कामाची वाटणी. तुकडोजी महाराजांची मोझरी आपल्याच जिल्ह्यात, श्रमदान आपल्याला नवीन नाही, कोणी कुरकुर करत नाही. पण काम ठरलेले पाच-सहा लोकच करतात आणि कार्यक्रम आला की चहा-पोहे बायकांकडे आणि माईक पुरुषांकडे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी डोगी घालून कांदे कापून राहिली होती. नंतरच्या मीटिंगमधे आम्ही तिघींनी रजिस्टर टेबलावर ठेवून दिलं, म्हटलं पुढच्या वेळी पोहे दादा करतील आणि उकेमी आम्ही दाखवू. झालं तसं, पोहे खारट होते. फीचा हिशोब मात्र चोख आहे, दर महिन्याला ग्रुपवर टाकतात, मॅटला किती गेले ट्रॉलीच्या डिझेलला किती गेले सगळं, आणि शिकवणारे इथले दादा एक रुपया घेत नाहीत. ज्या घरी फीची अडचण आहे त्या पोरांची फी माफ आहे, नावं कोणाला सांगत नाहीत, हे मला रजिस्टर हाती आल्यावरच कळलं.

पोरींच्या आयांसाठी खास. तुम्हाला कोणी सांगितलं असेल की तीन महिन्यात पोरगी दहा गुंडांना लोळवेल तर तसं काही होत नाही, इथं तसं सांगत पण नाहीत. मोठ्या सरांनी पालकांसमोर म्हटलं की यानं अंग मोकळं होईल, घाबरून थिजणं कमी होईल, कोणी मनगट धरलं तर कुठे वळायचं ते पायाला कळेल, पण पहिला उपाय ओरडून तिथून पळायचा. एवढं खरं बोलणारे क्लासवाले मी तरी पाहिले नाही. पोरींना कपडे बदलायला गोडाऊनमधे जागा नव्हती, आता साड्यांचे दोन पडदे शिवून कोपरा केला आहे, शाळेच्या हॉलमधे प्रश्न नाही.

ब्लॅक बेल्ट कधी, हे सगळे विचारतात, तर हिशोब ऐका. होम्बू डोजो म्हणजे टोकियोतलं मुख्य केंद्र, त्यांच्या परीक्षेच्या नियमात महिने नाही, सरावाचे दिवस मोजतात. क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, त्या उलट्या मोजतात. पाचव्या क्यूला किमान ३०, मग चौथ्याला ४०, तिसऱ्याला ५०, दुसऱ्याला ५०, पहिल्याला ६० आणि शोदान म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टला अजून ७०. झाले ३००. आठवड्यात दोन दिवस येणारा माणूस, त्यात पेरणी, तोडा, कापूस वेचणी, लग्नं, पोळा हे धरून, चार वर्षांच्या आत कठीणच आहे, आणि शोदानला वय पण १५ पूर्ण पाहिजे. तोपर्यंत आमच्याकडे सगळ्यांचा पट्टा पांढराच. मावसभावाला कराटेत पिवळा पट्टा मिळाला म्हणून रडणारी दोन पोट्टी मी स्वतः समजावली, एक थांबलं, एक गेलं. परीक्षेची फी वेगळी असते आणि ती ऐनवेळी सांगतात, हे सुधारा राजेहो, मजुरीवाल्या घरात आठ दिवस आधी सांगून पैसे निघत नाहीत.

बाकी माहिती. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी महिन्याला ३०० रुपये, दोन भावंडं असली तर ५००, प्रवेश फी नाही. पहिले दोन तास फुकट पाहून घ्या, साध्या ट्रॅकपँट-टीशर्टवर चालते, चेन किंवा बटणवाली पँट नको. नखं कापून या, बांगड्या-अंगठ्या-जोडवी घरी ठेवा, मंगळसूत्र निघत नसेल तर आतून पट्टीला पिन लावून बसवता येते, मी दाखवते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरला विचारा आणि दादांना पहिल्याच दिवशी सांगा, बसून करायचे प्रकार ते तुम्हाला उभ्यानं देतील. नव्या लोकांची पुढची बॅच पेरण्या आटोपल्यावर, जागा पंचवीसच ठेवल्यात यावेळी, आणि नाव लिहायला माझ्याच दुकानात यायचं आहे, पण दुपारी एक ते तीन येऊ नका, तेव्हा मी बंद ठेवते.