बी.एड.साठी पुण्यात राहताना: वसतिगृह, कॉट बेसिस की नातेवाइकांचे घर?

परभणी, हिंगोली, नांदेड या बाजूंनी बी.एड.साठी पुण्याला येणाऱ्या मुलींना प्रवेशाची यादी लागल्यावर दोन-चार दिवसांतच राहण्याची सोय ठरवावी लागते. सामाईक प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या संपतात तोवर पदवीचे वर्ग केव्हाच सुरू झालेले असतात, चांगल्या वसतिगृहांतल्या जागा भरत आलेल्या असतात, आणि मग जे मिळेल ते घेतले जाते. मी स्वतः सुरुवातीचे तीन महिने नात्यातल्या घरी, त्यानंतर पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत वसतिगृहात आणि दुसरे वर्ष सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे इतर मुलींबरोबरच्या खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहिले. तिन्ही ठिकाणी चांगली माणसे भेटली. त्यामुळे हा आढावा माणसांचा नाही. छात्राध्यापिकेच्या, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या मुलीच्या, दिवसाला कोणती जागा मानवते, एवढाच त्याचा विषय आहे.

तो दिवस इतर विद्यार्थ्यांसारखा नसतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० दिवस आणि आठवड्याला किमान ३६ तास काम चालावे लागते. महाविद्यालयात ८० टक्के आणि आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात, ९० टक्के उपस्थिती लागते. आंतरवासिता पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवड्यांची असते. आठवड्याला सहा दिवस धरले तर १६ आठवड्यांत ९६ दिवस होतात आणि त्यांतले फार तर नऊ दिवस आपल्या हाती उरतात. गावी जाऊन यायचे म्हणजे दोन रात्री गाडीत जातात. त्यात सण, घरचे एखादे लग्नकार्य आणि आपला एखादा ताप एवढे धरले की नऊ दिवस संपतात. म्हणून ‘कसेबसे राहू, शनिवार-रविवार गावी जाऊ’ हा हिशेब बी.एड.ला चालत नाही. जिथे राहायचे तिथेच आठवड्यांमागून आठवडे नीट राहता आले पाहिजे.

जागा पाहताना भाडे आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न सगळेच विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: पाठाच्या आदल्या रात्री तिथे काय करता येईल? टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, मार्गदर्शकांची सही झालेली असते, पण तक्ता काढायचा असतो, गुंडाळी फळ्यावर प्रश्न लिहायचे असतात आणि मुख्य म्हणजे पाठ मोठ्याने म्हणून पाहायचा असतो. कार्डशीट पूर्ण उलगडली तर खाटेवर मावत नाही; तिला जमीन लागते आणि जमिनीवर उजेड लागतो. नातेवाइकांच्या दोन खोल्यांच्या घरात ही जमीन रात्री साडेनऊनंतरच मोकळी होत असे, कारण तोवर जेवणे व्हायची, अंथरुणे पडायची आणि दूरदर्शन संच चालू असायचा. मी स्वयंपाकघरात ओट्याखालच्या फरशीवर तक्ते काढले. मामींनी कधी नापसंती दाखवली नाही, उलट त्या मुद्दाम भांडी लवकर आवरून मला जागा करून द्यायच्या. पण रात्री अकराला ‘मुलांनो, आता सांगा पाहू’ असे मोठ्याने म्हणण्याची माझी हिंमत तिथे तीन महिन्यांत एकदाही झाली नाही.

कॉट बेसिसची अडचण वेगळी असते. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत खोलीतल्या इतर मुली बहुधा स्पर्धा परीक्षेच्या असतात. त्या सकाळी आठला अभ्यासिकेत जातात आणि रात्री दहाच्या सुमारास परततात, त्यामुळे दुपारी शाळेतून आल्यावर खोली रात्रीपर्यंत आपलीच असते आणि हवे तेवढे मोठ्याने बोलता येते. मात्र दहानंतर दिवा घालवायचा हा अलिखित करार असतो, आणि तो पाळलाच पाहिजे, कारण त्यांचाही दिवस आपल्याइतकाच कष्टाचा असतो. संध्याकाळीच तयारी उरकण्याची शिस्त ज्यांना आहे त्यांना ही व्यवस्था उत्तम. जिचे टाचण रात्री बारालाच सुचते तिने दुसरी जागा पाहावी.

वसतिगृहात रात्रीचा प्रश्नच उरत नाही. आमच्या मजल्यावर अध्यापक महाविद्यालयाच्या सात जणी होतो. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा पाठ घेण्याच्या, दिवसांत रात्री नऊनंतर व्हरांड्यात चार कार्डशीट एका रांगेत पसरलेल्या असत, स्केचपेनचा एकच संच हातोहात फिरे, आणि एक जण पालथ्या बादलीवर बसून भ्रमणध्वनीवर सहा मिनिटांची वेळ लावी. प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा पाठ असला की बाकीच्या सहा जणी सातवीतली मुले होत, त्यांतली एखादी मुद्दाम चुकीचे उत्तर देई, आणि त्या चुकीच्या उत्तराला कसे सामोरे जावे हे मी खरे तर त्या व्हरांड्यातच शिकले. महाविद्यालयात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावरची चर्चा), बारा मिनिटांत पुनर्नियोजन आणि पुन्हा तेवढेच अध्यापन व प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते. आम्ही मात्र एकेक चक्र रात्री तीन-तीनदा फिरवले.

संगतीचा प्रश्न मराठवाड्यातून येणाऱ्या मुलीसाठी आणखी एका कारणाने मोठा आहे, आणि ते कारण म्हणजे बोलणे. माझ्या पहिल्या सराव पाठात मी सातवीला सहज विचारले, ‘फळ्यावरचं लिहून घ्यायलात ना सगळे?’ मागच्या बाकावरून ‘घ्यायलात, घ्यायलात’ अशी कुजबुज झाली आणि वर्ग हसला. निरीक्षण वहीत शेरा आला: ‘प्रमाण भाषेकडे लक्ष द्यावे.’ शेरा चुकीचा नव्हता, पण त्या दिवशी मी नातेवाइकांच्या घरी राहत होते आणि तिथे हे दुःख कोणाला सांगावे ते कळेना. सांगितले असते तर ‘इतकं काय मनावर घेतेस’ एवढेच उत्तर प्रेमाने मिळाले असते. पुढे वसतिगृहात एक मुलगी गडहिंग्लजची, एक सावंतवाडीची, एक चोपड्याची अशा आम्ही भेटलो आणि ध्यानात आले की प्रत्येकीच्या वहीत हाच शेरा आहे. मग आम्ही वर्गातली भाषा आणि खोलीतली भाषा वेगळ्या केल्या. वर्गात ‘लिहून घेत आहात ना’, खोलीत मात्र प्रत्येकीने आपापल्या गावचेच बोलायचे. आईची भाषा टाकून न देता वर्गाची भाषा कमावता येते, हा विश्वास मला एकटीला आला नसता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवून बोर्डिंग चालवले आणि १९३५ साली तिथेच ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. एकत्र राहणे हा शिक्षणाचाच भाग आहे असे त्यांनी मानले होते, आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत ते मला आजही शब्दशः खरे वाटते.

सकाळच्या बाबतीत मात्र वसतिगृह मागे पडते. पुण्यातल्या अनेक माध्यमिक शाळा दोन सत्रांत भरतात आणि सकाळच्या सत्रात सात-सव्वासातला परिपाठ असतो. छात्राध्यापिकेने त्याच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचायचे, तेही साडी नेसून, कारण बहुतेक महाविद्यालयांत पाठाच्या दिवशी साडीच लागते. आमच्या वसतिगृहाचे दार सकाळी सहाला उघडे, पण नाश्ता साडेसातला मिळे. सकाळच्या सत्राचे सगळे आठवडे मी रात्रीची पोळी चहाबरोबर खाऊन काढले. नातेवाइकांचे घर धायरीच्या पुढे होते, म्हणजे पहाटे पाचला उठून दोन बस बदलायच्या आणि भरलेल्या बसमध्ये गुंडाळी फळा व तक्ता डोक्यावर धरून उभे राहायचे. पहिला तक्ता स्वारगेटला उतरताना दुमडला, तेव्हापासून मी तक्ते पुठ्ठ्याच्या नळीत घालून नेऊ लागले; अप्पा बळवंत चौकात कार्डशीट घेताना दुकानदाराकडे अशी नळी मागावी. कॉट बेसिसची खोली शाळेजवळ घेतली तर हा सारा त्रास एका फटक्यात संपतो. माझी दुसऱ्या वर्षीची शाळा चालत बारा मिनिटांवर होती, आणि त्या वाचलेल्या तासाभरात मी वह्या तपासत असे. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) मुलींना हा सकाळचा जाच आता कमी असेल, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला, बी.एड.चे पाठ मात्र वरच्या वर्गांवर असतात.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. घरचे जेवण नातेवाइकांकडेच, याबद्दल दुमत नाही. वसतिगृहाची मेस वेळेवर बंद होते आणि पाठ निरीक्षणाच्या चर्चेला उशीर झाला की ताट चुकते. कॉट बेसिसवाल्या मुली डबा लावतात किंवा खाणावळीत जातात. तिथे महिन्याला किती खाडे धरतात आणि रविवारी संध्याकाळी जेवण असते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या मुलीला पहिला महिना जड जातो. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पंधरा दिवस टिकतात. दिवाळीनंतर परतताना पिशवीत कपड्यांपेक्षा त्यांना जागा द्यावी.

आता पैशाचे. वसतिगृहाचे शुल्क एकदम भरावे लागते, पण नंतर खर्च वाढत नाही. कॉट बेसिसवर महिन्याचे भाडे कमी दिसते. त्यात अनामत, दलालाचे पैसे, वीजबिलाचा वाटा आणि डबा मिळवला की दोन्हींमधले अंतर फारसे उरत नाही. नातेवाइकांकडे भाडे नसते, तरी हात रिकामा ठेवून राहू नये; मी महिन्याचे दूध आणि भाजी माझ्याकडे घेतली होती, आणि त्याने माझ्याच मनावरचे ओझे हलके झाले. शासकीय योजनांचा विचार या निर्णयाआधी करावा, नंतर नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. भाड्याने राहणार असाल तर भाडेकरार आपल्या नावाने करून ठेवावा, कारण राहण्याचा पुरावा मागितला जातो. योजनेची रक्कम महिन्याच्या भाड्यासाठी धरू नये. ती हातात येईल तेव्हा घरून घेतलेले फेडायला उपयोगी पडेल, असे समजून चालावे.

माझे मत स्पष्ट आहे. पहिले वर्ष वसतिगृहात काढावे, मग ते महाविद्यालयाचे असो, एखाद्या शिक्षणसंस्थेचे असो की शासनाचे, आणि तिथे खोलीत निदान एक तरी छात्राध्यापिका जोडीला मागून घ्यावी. सूक्ष्म अध्यापन आणि सुरुवातीचे सराव पाठ याच वर्षी होतात, आणि त्यांना प्रेक्षक लागतात. दुसऱ्या वर्षी, आंतरवासितेची शाळा कळल्यावर, तिच्यापासून चालत जाता येईल अशी खोली दोघी-तिघींनी मिळून घ्यावी. शाळा आधी आणि खोली नंतर, हा क्रम मोडू नये. नातेवाइकांचे घर मी शेवटी ठेवते. ते प्रेमाने वाईट नाही, पण शिकणाऱ्या माणसाला चुकायला, रात्री बडबडायला आणि एखाद्या दिवशी कोणाशीही न बोलता पडून राहायला जी मोकळीक लागते ती पाहुणी म्हणून राहताना घेता येत नाही. आजारपण मात्र याला अपवाद आहे. दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा मामाच येऊन घेऊन गेले आणि मामींनी मला नऊ दिवस उठू दिले नाही. म्हणून दुसरीकडे राहिलात तरी पंधरा दिवसांतून एकदा नात्यातल्या घरी जेवायला जावे, आणि त्या घराचा दूरध्वनी क्रमांक वसतिगृहाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.

खोली पाहायला बहुतेक जणी रविवारी दुपारी, घरच्यांबरोबर जातात. तेव्हा रस्ते मोकळे असतात, खोलीत कोणी नसते आणि सगळेच बरे दिसते. ठरवण्याआधी आणखी एकदा, कामाच्या दिवशी सकाळी सव्वासहाला त्या दारातून निघावे, हातात गुंडाळी फळा घ्यावा, आणि शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन घड्याळ पाहावे.