क्रीचर आर्टिस्टची ‘टेस्ट’ आणि गप्प बसवणारी सही

गेम आणि सिनेमासाठी राक्षस, परग्रहावरची जनावरं, काल्पनिक प्राणी डिझाइन करणाऱ्या मुलामुलींना सध्या एक मेल येतोय. मला तो सोलापुरात आला, कोल्हापूरच्या एका मुलीला आला, हुबळीच्या एका मुलालाही आला. माझे ३३,५०० रुपये गेले आणि एक अख्खा प्राणी गेला. पैसे कसे गेले ते थोडक्यात सांगेन, प्राणी कसा गेला ते मात्र सविस्तर.

मेल एका परदेशी गेम स्टुडिओच्या आर्ट रिक्रूटरच्या नावाने होता. स्टुडिओ खरा, त्या माणसाचं नाव खरं, फोटोही त्याचाच. फक्त मेलच्या पत्त्यात स्टुडिओच्या नावाला ‘करिअर्स’ जोडून वेगळंच डोमेन केलेलं. पण खरी मेख होती ब्रीफमध्ये, म्हणजे काय काढायचं त्याच्या वर्णनात. भुरटे लोक ‘एक भारी ड्रॅगन काढून द्या’ म्हणतात. इथे लिहिलं होतं : कोरड्या गवताळ माळावरचा, दबा धरून शिकार करणारा प्राणी, मादीला बोलावताना गळ्याचा वापर करणारा. आधी काळ्या सिल्हूएटची, म्हणजे नुसत्या बाह्याकृतींची शीट, मग हाडं आणि स्नायूंचा अभ्यास, मग समोरून-बाजूने-मागून टर्नअराउंड, शेवटी झेडब्रश ह्या सॉफ्टवेअरमध्ये स्कल्प्ट, म्हणजे थ्रीडी शिल्प. स्टुडिओत काम साधारण ह्याच क्रमाने चालतं. लिहिणारा ह्याच धंद्यातला कुणीतरी आहे, ह्याबद्दल मला तरी शंका नाही.

गवताळ माळ म्हटल्यावर सोलापूरकराला नान्नजचं माळढोक अभयारण्य सोडून दुसरं काय आठवणार? माळढोकाचा नर विणीच्या हंगामात गळ्याची पिशवी फुगवून पुढे लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि लांबवर जाईल असा घुमता आवाज काढतो. ती पिशवी मी लांडग्याच्या अंगाला दिली. नुसती चिकटवून भागत नाही. एवढं वजन पुढे आल्यावर खांदे कसे पेलणार, पळताना पिशवी पायात येणार नाही का, हे सोडवावं लागतं. म्हणून ती छातीवरच्या दोन घड्यांत मिटते असं केलं. घड्यांच्या आत माळावरच्या सरड्याच्या गळपंखाचा, म्हणजे गळ्याखालच्या उघडमीट होणाऱ्या कातडीचा निळा-केशरी रंग भरला, तो फुगल्यावरच दिसावा म्हणून. काम झकास झालं होतं, आजही म्हणतो.

ब्रीफ उघडण्याआधी एनडीए, म्हणजे गुप्ततेच्या करारावर सही मागितली होती. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच. गेम किंवा सिनेमा बाहेर येईपर्यंत स्वतःचं काम पोर्टफोलिओत टाकता येत नाही, पुण्या-मुंबईच्या व्हीएफएक्स (सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर रचणाऱ्या) कंपन्यांत तर मित्र एकमेकांना प्रोजेक्टचं नावही सांगत नाहीत. त्यामुळे सहीचं काही वाटलं नाही. वडिलांनी रात्री विचारलं, “कुणाचं काम करायलास? किती देणारेत?” मी म्हणालो, “सांगता येत नाही, सही केलीय.”

“घरात पण सांगायचं नाही? असली कसली नोकरी?”

वडिलांचं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, जॅकार्ड मागावरच्या चादरींची नक्षी ग्राफवर उतरवण्यात गेलं. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नमुना दाखवतात, ग्राफ भाव ठरल्याशिवाय हातात देत नाहीत. ग्राफ गेला की दुसऱ्या मागावर तीच चादर निघते. माझी लेयर (चित्राचे सुटे थर) असलेली फोटोशॉप फाइल आणि पूर्ण रेझोल्यूशनचा स्कल्प्ट म्हणजे ग्राफच होता. ‘टेस्ट तपासण्यासाठी मूळ फाइल्स लागतात’ म्हणून तो मेलवाल्यांनी मागवून घेतला. टेस्ट बघायला कमी रेझोल्यूशनचं, वॉटरमार्क टाकलेलं चित्र आणि स्कल्प्ट फिरवून दाखवणारा छोटा व्हिडिओ पुरतो.

मग ‘तुमची निवड झाली’. व्हेंडर म्हणून नोंदणीचे, परत मिळणारे १२,५०० भरा. पुढे अमेरिकन कराच्या ‘क्लिअरन्स’चे २१,००० भरा, सोबत डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या माणसाने करासाठी भरायचा फॉर्म. फॉर्म अगदी खरा आहे, म्हणून तर गंमत. तो पैसे देणाऱ्या कंपनीकडे द्यायचा असतो, त्याला एक रुपया फी नाही, आणि कर लागलाच तर तो मिळणाऱ्या रकमेतून कापतात. कलाकाराकडून आगाऊ कर कुणीच मागत नाही. दुसरी रक्कम पोचली आणि मेल बंद झाले.

इथपर्यंत मला वाटत होतं, हा नेहमीचा ऑनलाइन गंडा. पुढे कोल्हापूरच्या मुलीने सोशल मीडियावर एक लिंक टाकली : घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या मिनिएचर प्राण्यांचा संच विक्रीला. त्यात तिचा गुहेतला आंधळा प्राणी होता. त्याच्याच शेजारी माझा, पिशवी फुगवलेला. हुबळीच्या मुलाचाही होता. मग डोक्यात प्रकाश पडला. एका जगाचे प्राणी एकेकाला एकेक वाटून दिले होते, प्रत्येकाकडून फुकट ‘टेस्ट’ करून घेतली आणि वर प्रत्येकाकडून फीही उकळली. आणि तो एनडीए? स्टुडिओचं गुपित राखायला नव्हताच. आम्ही एकमेकांना, घरच्यांना, एखाद्या सीनियरला विचारू नये, एवढंच त्याचं काम. एकाने जरी ‘मला असं ब्रीफ आलंय’ म्हटलं असतं, तरी डाव फुटला असता.

कायद्याचं म्हणाल तर एनडीएवर सही केली म्हणून चित्राचे हक्क जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि आपल्या सहीने द्यावे लागतात, कुठलं काम आणि कुठले हक्क ते नमूद करून. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आमच्या कागदात तसला मजकूरच नव्हता. म्हणून विक्री चाललेल्या साइटला आम्ही अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए ह्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली संच काढून टाकण्याची नोटीस पाठवली. फी नाही, वकील लागत नाही. सोबत लेयर असलेल्या फाइलचे स्क्रीनशॉट आणि वहीतली पेन्सिलची कच्ची रेखाटनं जोडली. संच उतरला. काही दिवसांत दुसऱ्या नावाने पुन्हा चढला, पुन्हा नोटीस दिली.

पैशांसाठी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. हा फोन पैसे गेल्या गेल्या करावा, रक्कम खात्यांमधून काढून घेतली जाण्याआधीच ती गोठवता येते. माझी पहिली रक्कम तोवर निघून गेली होती. दुसरीपैकी काही गोठली आहे, हातात अजून आलेली नाही.

त्या संचात आणखी काही प्राणी आहेत ज्यांचे धनी सापडलेले नाहीत : दलदलीतला सहा पायांचा, पाठीवर कवचाची नाव असलेला; उडता येत नसलेला पण पंखांनी कड्यावर चढणारा; आणि एक अगदी छोटा, झुंडीने राहणारा, शेपटीत दिवा असलेला. असलं ब्रीफ ज्यांना आलं असेल त्यांनी मेल डिलीट करू नका, पूर्ण हेडरसकट (मेल कुठून आला ते दाखवणाऱ्या माहितीसकट) जपून ठेवा आणि कॉमेंटमध्ये सांगा. आम्ही तिघं एकत्र तक्रार नेतोय, तुमचं नाव त्यात जोडता येईल.