सात महिने अँकी वापरलं, लूज-लूसचा घोळ मिटला का?

अँकी म्हणजे फ्लॅशकार्डचं ॲप, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. मी टाकलं त्याला कारण एक मेल. क्लायंटला 'तुम्हाला गमवायचं नाहीये' असं इंग्लिशमध्ये लिहायचं होतं, मी लूजमध्ये ओ दोन टाकले आणि अर्थ झाला 'तुम्हाला मोकळं सोडायचं नाहीये'. स्पेलचेक गप्प, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेतच ना, लाल रेघ कशाला येईल.

पहिला महिना रेडीमेड कार्डं वापरली, वाया गेला. दुसऱ्याच्या चुका पाठ करून आपल्या सुटत नाहीत. मग स्वतःच्या मेलमधल्या चुकांची कार्डं केली, मराठीत, आणि तिथे गंमत कळली. एक ओवाल्याच्या शेवटी ज, डबल ओवाल्याच्या शेवटी स्वच्छ स, म्हणजे खरा उच्चार लूस. पण आपण लहानपणापासून 'लूज मोशन', 'पँट लूज झाली' म्हणतोय, मग कानाला फरक कळणार कुठून? ॲडव्हाइसचंही तेच. सल्ला म्हणजे सी, उच्चार स. सल्ला देणं म्हणजे एस, उच्चार ज. हे एकदा मोठ्याने म्हटलं की बसतं.

प्रिन्सिपलला मी पाल चिकटवली. पी-ए-एल म्हणजे पाल, कॉलेजच्या प्रिन्सिपलच्या भिंतीवर पण आणि कर्जाच्या मुद्दलावर पण, तत्त्वाला पाल नाही. बायको हसली, पण ते कार्ड परत कधी चुकलं नाही. चुकलं की कार्ड लगेच परत येतं, बरोबर आलं की पुढच्या वेळेला जास्त दिवसांनी, सगळी करामत एवढीच.

ॲफेक्ट-इफेक्टने मात्र पिडलं. ॲफेक्ट म्हणजे परिणाम करणं, इफेक्ट म्हणजे परिणाम, इथवर ठीक होतं, मग बँकेच्या पत्रात 'टु इफेक्ट पेमेंट' दिसलं, तिथे इफेक्ट चक्क क्रियापद, घडवून आणणं! त्याचं वेगळं कार्ड करावं लागलं.

गणपतीत दहा दिवस गावी होतो, ॲप उघडलंच नाही, आल्यावर कार्डांचा ढीग, दोन दिवस वैताग. रोज पाच मिनिटं देणार असाल तरच टाका.

स्टेशनरी अजून चुकतंय. कागद-पेनवाल्यात ई, एन्व्हलपचा ई, ए टाकला तर अर्थ होतो 'स्थिर', पाठ आहे हो, पण टाइप करताना बोट ए वरच जातं.