मोठ्या कुत्र्यांसाठी बारा इंची गोनिओमीटर: घ्या, पण रिव्हेट तपासून

गोनिओमीटर म्हणजे सांधा किती वाकतो आणि किती ताणतो तो कोन मोजायचं साधन: अंशांची तबकडी आणि रिव्हेटने, म्हणजे मधल्या खिळ्याने, जोडलेल्या दोन भुजा. हा पारदर्शक प्लॅस्टिकचा गोनिओमीटर बनतो माणसांच्या फिजिओथेरपीसाठी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकलच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसाठी बारा इंचीच घ्या. आठ इंचीच्या भुजा मांडीच्या हाडावर अर्ध्यातच संपतात, पुढची रेष अंदाजाने धरावी लागते आणि मोजमाप तिथेच बिघडतं.

तबकडी पूर्ण ३६० अंशांची हवी. अर्धगोल स्वस्त पडतो, पण लॅब्रेडॉरचं पुढच्या पायाचं मनगट ताणलं की साधारण १९६ अंशांपर्यंत जातं. अर्धगोलावर तो आकडाच नसतो.

खरा घोळ होतो वाचताना. माणसांच्या पद्धतीत सरळ गुडघा म्हणजे ०, कुत्र्यांच्या पद्धतीत १८०. तबकडीवर उलटसुलट दोन पट्ट्या छापलेल्या असतात. पूर्ण वाकवलेल्या गुडघ्यावर १३८ दिसलं, तर खरा कोन ४२ आहे. लॅब्रेडॉरवरच्या २००२ सालच्या अभ्यासात निरोगी गुडघा साधारण ४२ ते १६२, खुबा ५० ते १६२ अंश भरला. हे आकडे जर्मन शेफर्डला जसेच्या तसे लावू नका. त्याच्या दुसऱ्या पायाशी आणि मागच्या नोंदीशी ताडून बघा.

गुडघा मोजताना कुत्र्याला कुशीवर झोपवा, दुखरा पाय वर. खाली रबरी मॅट हवीच, गुळगुळीत लादीवर तो अंग आखडून घेतो. मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक भुजा खुब्याजवळच्या उंचवट्याकडे, दुसरी नडगीवरून घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. दाट केसांत हे उंचवटे दिसत नाहीत, बोटाने दाबून शोधायचे. पारदर्शकपणाचा फायदा इथेच: बोट कुठे आहे ते प्लॅस्टिकमधून दिसत राहतं. घोट्याची पाळी आली की गुडघा ९० अंशांत वाकवून ठेवा, नाहीतर पोटरीचा स्नायू ताणला जाऊन घोटा आखडलेला वाटतो.

पाय हळू न्या. कुत्र्याने मान वळवली, ओठ चाटले किंवा मांडी कडक केली की तिथेच थांबा आणि तोच कोन लिहा. भूल दिलेली नसताना याहून पुढे रेटण्यात काही अर्थ नाही. तीनदा मोजून मधला आकडा धरा. दर वेळी मोजणारा माणूस तोच असावा. पाच अंशांच्या आतल्या फरकाला सुधारणा म्हणू नये.

खोट आहे ती रिव्हेटमध्ये. काही नग इतके सैल असतात की यंत्र पायावरून उचलताच भुजा सरकते. दुकानातच ९० अंशांवर उघडून आडवा हलवून बघा. भुजा जागची हलली तर दुसरा मागा. घट्ट नगाच्याही बाबतीत कोन यंत्र पायावर असतानाच वाचावा, डोळा बरोबर तबकडीच्या वर ठेवून. आणि स्पिरिटने घासू नका, छापील आकडे पुसट होतात. साबणाचं पाणी पुरतं.