बंदरावर येऊन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवून देणाऱ्यांपासून सावध राहा: माझे पैसे गेले, गाडीचा दरवाजाही गेला

ज्यांच्या गाडीला मागे अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आहे (मासळी, दूध, आइस्क्रीम, औषधं, काहीही वाहून नेणारी), त्यांनी हे जरूर वाचावं. बनावट नंबर प्लेटमुळे हजार-दोन हजार जातात एवढंच बहुतेकांना माहीत असतं. माझं नुकसान त्याच्या कितीतरी पट झालं.

माझी पिकअप २०१७ ची, एमएच ०८ पासिंग. मागे पफ बॉडी आहे: बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत पफचा, म्हणजे थंडावा टिकवणाऱ्या फोमचा, जाड थर. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी बर्फात भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हा माझा धंदा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी सक्तीची झाली आणि पहिली मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. पुढे ती अनेकदा वाढली, पण त्या मार्चमध्ये हे कुणाला ठाऊक होतं? दंड होणार, गाड्या अडवणार, अशी बोलणी रोज कानावर येत होती. अपॉइंटमेंटच्या तारखा लांबच्या मिळत होत्या. मासळीचा सीझन चालू असताना एक दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे काय, हे धंदेवाल्यालाच कळतं.

नेमक्या त्याच दिवसांत एक जण बंदरावर फिरू लागला. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, मोटरसायकलला ड्रिल मशीनची पिशवी. "दादा, सेंटरला कशाला जाताय? आमच्याकडे कोटा आहे, गाडी भरताभरता बसवून देतो." अठराशे रुपये सांगितले, त्यात "घरपोच सेवेचा चार्ज" धरलेला. आरसीचा फोटो घेतला, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लिहून घेतले. खऱ्या बुकिंगलाही हे आकडे लागतात, त्यामुळे सगळं रीतसरच वाटत होतं. पैसे यूपीआयने दिले. मोबाइलवर क्यूआर कोड असलेली पावती आली आणि चार दिवसांनी तो प्लेटा घेऊन हजर झाला. बंदरावरच्या आणखी काही गाड्यांचंही काम त्याने त्याच दिवशी उरकलं.

पुढची प्लेट बंपरवर बसली. मागची त्याने खाली न लावता थेट दरवाज्याच्या पत्र्यावर घेतली. "खाली चिखलात नंबर दिसत नाही, पोलीस अडवतात," म्हणाला. चार भोकं पाडली, पॉप रिव्हेट (पत्रा जोडायच्या धातूच्या मेखा) मारले, फोटो काढला आणि गेला.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी पावसात उभी होती. ऑगस्टमध्ये पुन्हा धंद्याला लागलो तेव्हा प्लेटच्या कडेने पांढरी भुकटी दिसायला लागली होती. मिठाचं असेल म्हणून पुसली जायची, दोन दिवसांनी परत यायची. रिव्हेटच्या डोक्यातून तांबूस ओघळ उतरले होते.

फसवणूक उघड झाली ती मात्र दुसरीकडूनच. गाडीचं कर्ज फिटलं, बँकेची एनओसी आली, वित्तबोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवायला अर्ज केला, तर अर्ज पुढे सरकेना. गाडीला एचएसआरपी नाही असं आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत दिसत होतं. एचएसआरपी नसेल तर मालकी हस्तांतरण, पत्ताबदल, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं आरटीओत अडतात. खरी प्लेट बसली की पुढच्या-मागच्या प्लेटवरचे लेसर क्रमांक गाडीच्या नोंदीला जोडले जातात. माझ्या प्लेटवरच्या क्रमांकाची नोंदच नव्हती. तो क्रमांक नखाने खरवडला तर निघून आला, कारण तो कोरलेला नव्हता, छापलेला होता.

गाडी बॉडीवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून प्लेटला लावलं. टक्कन चिकटलं. "काका, ही लोखंडी पत्र्याची आहे," ते म्हणाले. "खरी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला चुंबक धरत नाही. रिव्हेटपण लोखंडाचेच मारलेत." ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवून प्लेट काढली आणि मागचा पत्रा पाहून मी गप्पच झालो. शिसपेन्सिल जाईल एवढी भोकं होती, तिथे आता अंगठा जात होता. भोकांभोवतीचा पत्रा दाबला की भिजलेल्या पापडासारखा तुटत होता. आतल्या पफचा तुकडा काढून पिळला तर तपकिरी, कुजक्या मासळीच्या वासाचं पाणी गळलं. बर्फ लवकर का वितळतो, कोल्हापूरचे व्यापारी माल "नरम" का म्हणतात, हे तेव्हा कळलं.

याचं कारण प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं, म्हणून लिहितो. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारं पाणी असेल, तर तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. ती पांढरी भुकटी म्हणजे आपलाच पत्रा. त्यात लोखंडाचा भाग जितका मोठा तितकी झीज जास्त. माझ्या दरवाज्यावर नुसते रिव्हेट नव्हते, अख्खी लोखंडी प्लेट पत्र्याला चिकटून होती आणि मधल्या फटीत मासळीच्या बर्फाचं खारं पाणी सतत साचत होतं. गोड्या पाण्याच्या मुलखात हेच व्हायला कदाचित काही वर्षं लागली असती, कोकणात एक पावसाळा पुरला. दरवाज्याचा पत्रा आणि ओला पफ बदलण्याचा खर्च प्लेटच्या सरकारी दराच्या कितीतरी पट आला, शिवाय त्या काळात भाड्याच्या गाडीने माल पाठवावा लागला तो वेगळाच.

खऱ्या प्लेटची खूण आता मला पाठ झाली आहे. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चौकोनी क्रोमियम होलोग्राम असतो, २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटर, प्लेटमध्ये दाबून बसवलेला, स्टिकर नव्हे. डावीकडेच निळ्या रंगात आयएनडी आणि खाली लेसरचा क्रमांक. आकडे-अक्षरं उठावाची असतात आणि त्यांच्यावरच्या फिल्मवर नीट पाहिलं तर तिरक्या ओळींत इंडिया असं वाचता येतं. माझ्या प्लेटवर ते नव्हतंच. चारचाकीला पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकरही मिळतो, त्यावर गाडीचा नंबर आणि दोन्ही प्लेटांचे लेसर क्रमांक असतात. त्या माणसाने स्टिकर "नंतर येईल" म्हणून सांगितलं होतं. प्लेट बसवणारा असं म्हणाला तर तिथेच थांबा.

दर तर उघड आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. पैसे बुकिंग करतानाच ऑनलाइन भरायचे असतात, एखाद्या माणसाच्या खात्यावर नाही. आणि गुगलवर शोधून समोर येईल ती साइट उघडू नका. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन, तिथून आपल्या आरटीओचा कोड निवडूनच पुढे जा, कारण बनावट साइटही हुबेहूब दिसतात.

मी तसं बुकिंग करून प्लेटा घेतल्या. त्याआधी मिस्त्रींकडून दरवाज्याखाली चासीला बोल्ट करून वेगळी फ्रेम बनवून घेतली आणि मागची प्लेट स्नॅप लॉकने (एकदा बसला की परत न निघणारा लॉक) त्या फ्रेमवर बसवली. बॉडीच्या पत्र्याला एकही भोक नाही. पफ बॉडीवाल्यांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे. बॉडीवरच काही लावायची वेळ आली तर रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे घ्या, मागे राहणारा त्यांचा खिळाही चुंबकाने तपासून घ्या, भोकात सिलंट भरा आणि लोखंडी वस्तूखाली नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर टाका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्जही दिला. पैसे अजून परत आलेले नाहीत. त्या माणसाचा नंबर बंद आहे आणि माझ्या आरसीचा फोटो त्याच्याकडेच आहे, त्याचा घोर वेगळा. त्याच्याकडून प्लेट बसवून घेतलेल्या बंदरावरच्या बाकी गाडीवाल्यांनाही मी चुंबक लावून बघायला सांगितलं. तुमच्याही प्लेटला चुंबक चिकटलं तर ती लगेच उतरवा, पण फेकू नका. आधी गाडीवर असतानाच फोटो काढा, मग प्लेट, रिव्हेटचे तुकडे, पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा. माझ्याकडे पोलिसांनी पहिल्यांदा हेच मागितलं.