चाफ्याच्या बियांचं पाकीट : उगवण मस्त, पण फोटोतल्या रंगावर जाऊ नका

हे पाकीट मागवून तीन वर्षं झाली, मुद्दामच इतके दिवस रिव्ह्यू टाकला नाही. पंधरा दिवसांत चाफ्याच्या बियांबद्दल फार तर उगवल्या की नाही एवढंच सांगता येतं. आता पहिलं फूल बघून लिहितेय.

आधी एक सांगते, पाकिटावर नुसतं 'चाफा' लिहिलंय. हा सोनचाफा नाही, कवठी चाफाही नाही. हा जाड फांद्यांचा, तोडला की पांढरा चीक येणारा खुरचाफा, ज्याला नर्सरीत प्लुमेरिया म्हणतात. ज्यांना सोनचाफा हवाय त्यांनी घेऊ नका.

बिया १२ होत्या आणि अगदी ताज्या. चाफ्याच्या बीला एका बाजूला पातळ पापुद्र्यासारखा पंख असतो, शेंग फुटली की वाऱ्यावर उडून जायला. दुसरं टोक जाडसर असतं, ते बोटांनी दाबून बघायचं, भरीव लागलं तर बी चांगली, चपटं पोकळ लागलं तर सोडून द्या. माझ्या १२ मधली एकच पोकळ निघाली. बाकीच्या रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि थोडी माती अशा मिक्समध्ये लावल्या. सोबतच्या कागदावर 'बी पूर्ण मातीत गाडा' असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. जाड टोक खाली आणि पंख थोडा वर दिसेल असं उभं लावलं तर टरफल सुटायला सोपं जातं. आठव्या दिवसापासून कोंब यायला लागले, दोन आठवड्यांत ९ रोपं! यासाठी विक्रेत्याला पूर्ण मार्क. फक्त पेरणी उबदार दिवसांतच करा, थंडीत बी नुसती भिजत राहते आणि कुजते. एखाद्या रोपाच्या पानांवर टरफल अडकून बसलं तर ओढू नका हं, पाणी शिंपडून मऊ होऊ द्या, आपोआप गळतं.

९ मधली २ रोपं पहिल्याच महिन्यात गेली, मातीलगत खोड मऊ पडून आडवी झाली, पाणी जास्त झालं होतं. चाफ्याला पाण्यापेक्षा ऊन जास्त लागतं, कुंडीची वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालायचंच नाही, आणि थंडीत पानं गळून नुसती काठी उरली की जवळजवळ बंदच करायचं. घाबरू नका, झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. पावसाळी हवेत पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, तेवढी पानं काढून लांब टाका.

आता तक्रार. पाकिटावर गडद लाल फुलांचा फोटो आहे आणि खाली '६ महिन्यांत फुले'. दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि याचा मला मनापासून राग आहे, कारण नवीन माणूस यावर विश्वास ठेवून वाट बघतो आणि मग वैतागून झाड काढून टाकतो. बीपासूनच्या चाफ्याला फुलायला साधारण तीन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. आणि रंगाची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आईचं झाड लाल असलं तरी परागकण कुठल्या झाडाचे आले त्यावर पुढचं ठरतं, त्यामुळे एकाच शेंगेतल्या बियांची फुलंसुद्धा वेगवेगळी येतात. ठरावीक लालच हवा असेल तर त्या झाडाची फांदी आणा, आठवडाभर चीक सुकू द्या आणि लावा, फूलही लवकर येईल.

मग बी का लावायची? कारण बीचं प्रत्येक झाड नवीन असतं, असं फूल आधी कुठेच नसतं. शेंग पिकायलाच आठ-नऊ महिने लागतात, त्यात चाफ्याच्या फुलात मध नसतो, रात्रीचे पतंग वासाला भुलून येतात आणि रिकामेच परत जातात, त्यामुळे शेंगा तशा कमीच धरतात. म्हणून चांगली भरीव बी मिळणं मला मोलाचं वाटतं.

माझ्या पहिल्या झाडाला पांढरं फूल आलं, मध्यभागी पिवळं आणि कडेला अगदी पुसट गुलाबी रेघ. लाल नाही, पण संध्याकाळी त्याच्याजवळून हलवत नाही. उगवणीसाठी ५ पैकी ५, पाकिटावरच्या माहितीसाठी १. दुसऱ्या झाडाच्या शेंड्यालाही परवापासून कळ्यांचा तुरा दिसतोय, रंग अजून कळत नाहीये.